फक्त ब्रेकचं काम

मिस्त्री गाडीच्या इंजिनाला हात लावत नसत. गाडी सुरू होत नाही म्हणून कोणी ढकलत आणली, तर बसल्या जागेवरून पलीकडच्या गॅरेजकडे बोट दाखवायचे. “पळवायचं काम तिकडं. हितं थांबवायचं.” दुकानाच्या पत्र्यावर त्यांनी पेंटरकडून लिहून घेतलं होतं : ‘येथे फक्त ब्रेकचे काम होते.’ एवढ्या एका कामावर कडेगावसारख्या गावात पोट कसं भरेल, असं मला वाटायचं. भरत होतं. माझ्यामुळे त्यांनी ते काम सोडेपर्यंत तरी भरत होतं.

मी प्राथमिक शिक्षक. पोरांना खरं बोला म्हणून शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली. त्यामुळे पुढचं लिहिताना हात जड होतो, पण लिहितो.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हल्लीच्या मोटारसायकलीला पुढच्या चाकाला एक चकती असते. तिला दोन्ही बाजूंनी दोन पॅड चिमटीत धरल्यासारखे धरतात आणि गाडी थांबते. पॅड म्हणजे काय, तर काडेपेटीएवढा काळा तुकडा, पाठीला लोखंडी पत्रा. माणसाचा जीव त्या तुकड्यावर असतो. आपल्याकडे लोक तो चकतीला घासून किंचाळायला लागेपर्यंत बदलत नाहीत.

मिस्त्रींकडे पॅड बदलायला गेलं की आधी चौकशी. गिऱ्हाईक उन्हात उभं आणि हे स्टुलावर बसून विचारतायत.

“रोज कुटं जातुयास?”

“विट्याला.”

“घाट उतरतुयास का कवा?”

“महिन्यातनं एकांदा. कराडला.”

“मागं कोन बसतं?”

“बसतं कुणीबी.”

“कुणीबी न्हवं. कोन? वजन किती? बसल्यावर धरून बसतं का मोकळं बसतं?”

एकदा एक पोरगा वैतागला. “आवं मिस्त्री, पॅड घालायचंय का माझं लगीन जमवायचंय?”

“लगीन मोडलं तर दुसरं हुतंय गड्या,” मिस्त्री म्हणाले आणि पुढचा प्रश्न विचारला.

सगळं ऐकून झालं की उठायचे. चार-पाच डब्या काढायच्या, एकेक पॅड तळहातावर तोलायचं, कडेला नखाने ओरखडा काढायचा, वास घ्यायचा, पाठीच्या पत्र्यावर पान्याने टिचकी मारून कानाशी धरायचं. मऊ पॅड लगेच धरतं, पण लवकर झिजतं, आणि घाटात तापलं की ‘गुळावानी सुटतं’. कडक पॅड पुष्कळ टिकतं, पण थंड असताना दाबलं की ‘आधी इचार करतं’, वर चकती खातं. गावातल्या गावात फिरणाऱ्याला एक, दूधवाल्याला दुसरं, घाट उतरणाऱ्याला तिसरं. शाळेतल्या आमच्या बाईंना त्यांनी मुद्दाम मऊ पॅड दिलं होतं. बाई म्हणाल्या, “का हो, माझ्या हातात जोर नाही असं वाटतं का?” तर म्हणाले, “जोर हाय. पर तुमी जोर का लावायचा? गाडीनं ऐकाय पायजे.”

ते कोणाचंही नाव विचारत नसत. गाडी आणि मागं कोण बसतं, एवढ्यावरून माणूस लक्षात ठेवायचे. मी म्हणजे ‘आई बसती ते गुरुजी’.

मिस्त्री भित्रे होते. गावात त्यांना भित्रा मिस्त्रीच म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं. काम झालेली गाडी तपासायला ते गल्लीच्या टोकापर्यंत जायचे, तेही दोन्ही पाय जमिनीला घासत. गिऱ्हाईक गाडी घेऊन निघालं की दारात उभे राहायचे. वळणावर लाल दिवा लागून गाडी हळू झाली की छातीवरचा हात खाली यायचा. मग पुढचं काम.

ते मूळचे वडूजच्या पलीकडचे. लहानपण मेंढरांमागं गेलेलं. एकदा मीच विचारलं, की मेंढरं सोडून हे कसं काय धरलंत? म्हणाले, “उताराला रस्त्यावर कळप हुता आमचा. वरनं गाडी आली. मानूस बोंबलत हुता, सरका, सरका. मेंढरं सरकत्यात व्हय? आठ मेली. मेंढरांचं काय न्हाई गुरुजी. पर गाडी थांबत न्हाई ह्ये त्या मानसाला कळलं, तवाचं त्येचं त्वांड म्या बघितलं. मरायच्या आदीच मेलं हुतं ते.”

तो माणूस वाचला की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्यांचा आणखी एक रिवाज होता, आणि तोच माझ्या मानेवर बसला आहे. पॅड जागेवर राहावं म्हणून त्यातून एक पीन आरपार जाते, ती पान्याने आवळायची असते. पीन आवळून झाली की मिस्त्री गिऱ्हाइकाला खाली बसवायचे, त्याचं बोट धरायचे आणि त्या पिनेच्या डोक्यावर टेकवायचे.

“हलवून बघा. घट्ट हाय?”

“आहे.”

“हाय म्हना.”

“हाय.”

हाय म्हटल्याशिवाय किल्ली मिळत नसे. मोठमोठे बागायतदार, रजेवर आलेले फौजी, सगळे गल्लीत उकिडवे बसून ‘हाय’ म्हणायचे. हसायचे, पण म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आठवड्यात मी आमच्या गाडीला नवी पॅड घालून घेतली. गाडी घरातली, मी आणि धाकटा भाऊ दोघंही वापरायचो. आईच्या डोळ्याचं दाखवायला कराडला न्यायचं होतं, म्हणजे सुर्लीचा घाट आला. मिस्त्रींनी त्या हिशोबाने पॅड निवडलं, पीन आवळली, माझं बोट धरलं. मी हलवून बघितलं. घट्ट होती. मी ‘हाय’ म्हणालो.

किल्ली देताना ते म्हणाले, “सनाचं दीस हायती. गाडी धुवाल, पुजाल. काय बी करा, पर चकतीला काय लावू नगा. कुकू न्हाई, तेल न्हाई, बोट बी न्हाई.”

मी बरं म्हणालो. मनात म्हणालो, याचं आपलं काहीतरीच.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. वडील होते तेव्हा आदल्या दिवशी विळे, कुऱ्हाड, पाभर, सगळं धुऊन पुसून त्याला खोबरेल तेलाचा हात मारायचे. तेल लावलं नाही तर पूजा लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. आता शेत वाट्याने दिलेलं. विळ्यांच्या ओळीत मोटारसायकल उभी असते. आदल्या दिवशी मी ती धुतली होती. सकाळी बघतो तर चकतीवर तांबूस गंज चढलेला. पाणी राहिलं की चढतो, आणि दोनदा ब्रेक दाबला की जातो, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त वाटलं, पूजेला हत्यार गंजलेलं कसं ठेवायचं? फडकं खोबरेलात भिजवलं आणि चकती दोन्ही बाजूंनी पुसली. आरशासारखी झाली. आई म्हणाली, “वडलांच्या हाताची याद आली बघ.” मला त्या क्षणी मिस्त्रींचं बोलणं आठवलं नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. आठवलं होतं. एवढ्याशा तेलानं काय होतंय, असं म्हणून मी चकतीला हळदकुंकू वाहिलं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी धाकटा आईला घेऊन कराडला निघाला. आमच्याकडे बहुतेकजण पायाचा, म्हणजे मागचाच ब्रेक वापरतात. पुढचा दाबला की माणूस पालथा पडतो, असं लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे घाटापर्यंत त्याला काही कळलं नाही. उताराला दोन वळणांत मागचा ब्रेक तापून हलका झाला, तेव्हा त्याने पुढचा दाबला. “दादा, मुठीत काहीच नव्हतं रे,” असं तो नंतर दवाखान्यात म्हणाला. समोर वळण, पलीकडे दरी. त्याने गाडी डोंगराच्या बाजूच्या चरीत घातली. त्याची मांडी मोडली. आई त्याच्या अंगावर पडली म्हणून खरचटण्यावर वाचली, पण त्यानंतर ती कधी मोटारसायकलवर बसली नाही. अजूनही दारात गाडी सुरू झाली की भिंत धरते.

गाडी टेम्पोतून घरी आली. मी एकटाच पडवीत तिच्यापाशी बसलो. पुढचं चाक वाकलं होतं, चकती तशीच चकचकीत. जवळ वाकलो तर जळक्या खोबऱ्याचा वास आला.

तेवढ्यात आत आई शेजारणीला सांगत होती, “त्या मिस्त्र्याच्या हाताला किडं पडतील बघ. माझं लेकरू मारलं हुतं त्येनं.”

मी पाना आणला. पीन सुटेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा हलली. तेल प्यायलेले ते दोन काळे तुकडे आणि ती पीन मी रुमालात बांधली आणि मळ्याकडच्या पाटात टाकून आलो. पाटाला पाणी जोरात होतं. परत येऊन चकती राखेने घासली, साबणाने धुतली. एवढं व्यवस्थित काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्री आले. चालत आले होते. गल्लीतल्या लोकांनी त्यांना दारात अडवून काय काय ऐकवलं ते मी आतून ऐकत होतो. मी बाहेर गेलो तर म्हणाले, “गुरुजी, पोरगं कसं हाय?”

“ऑपरेशन झालं.”

“आन् आई?”

“बरी आहे.”

“मला पॅड दावा.”

पॅड बघितल्यावर त्यांना सगळं कळलं असतं. नुसत्या वासावर कळलं असतं.

“पॅड नाहीत,” मी म्हणालो. “पडली असतील घाटात.”

“पॅड पडत न्हाईत. पीन असती.”

“पीनही नाही.”

ते चाकाशी बसले. पिनेच्या रिकाम्या भोकात त्यांनी बोट घातलं आणि तसेच बसून राहिले. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. भीक मागावी तसं.

“तुमी हात लावला हुता न्हवं गुरुजी? घट्ट हुती न्हवं?”

दारात सात-आठ माणसं होती. आई उंबऱ्यात होती.

मी म्हणालो, “मला काय कळतंय त्यातलं, मिस्त्री.”

त्यांचा चेहरा बदलला. उतारावरच्या त्या माणसाचं जे तोंड त्यांनी सांगितलं होतं, ते मी त्या दिवशी बघितलं.

पुढचे पंधरा दिवस मिस्त्री गावोगाव फिरले. दसऱ्याच्या गर्दीत त्यांनी ज्या ज्या गाड्यांना पॅड घातली होती, त्या सगळ्या शोधत. आपल्या हातून एक पीन आवळायची राहिली, म्हणजे बाकीच्यांचीही राहिली असेल, या भीतीने. कुणाच्या शेतात, कुणाच्या बारशाच्या मांडवात जाऊन गाडीपुढे बसायचे. पीन घट्टच असायची. तरी काढून पुन्हा आवळायचे. लोक थट्टा करत. “मिस्त्री, घट्ट हाय का? हाय म्हना!” पोरं मागून ओरडत. मी शाळेच्या खिडकीतून एकदा त्यांना खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन रस्त्याने जाताना पाहिलं, आणि वर्गाला पाढे म्हणायला लावले. मोठ्यांदा.

दिवाळीच्या आत दुकान बंद झालं. आवरताना म्हणे कुणालातरी एवढंच बोलले, “माज्या हातावर माजाच इस्वास न्हाई ऱ्हायला. दुसऱ्यानं का ठिवावा?” पत्र्यावरची अक्षरं तशीच राहिली.

मी काही बोललो नाही. आता गेलेच आहेत, असं स्वतःला सांगत वर्ष काढलं.

मागच्या वर्षी एका कामासाठी पलूसला गेलो होतो. बाजारचा दिवस. गाड्या लावायच्या जागेत गलका झाला म्हणून बघितलं, तर एका दाढी वाढलेल्या माणसाची कॉलर कुणीतरी धरली होती.

“काय चोरतुयास रं म्हाताऱ्या?”

“चोरत न्हाई दादा. पीन बघतुया. घट्ट हाय का न्हाई.”

मिस्त्री होते. एकाने त्यांना ढकललं. ते खाली बसले, उठले, आणि शेजारच्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी वाकले. मी एका टपरीच्या आडोशाला झालो. हो, लपलो.

टपरीवाला म्हणाला, “येडं हाय ओ. दर बाजारला येतंय वडूजकडनं. कोन दूधवाला हुडकतंय. नाव ठाव न्हाई, गाव ठाव न्हाई. म्हनतंय पलूसकडचा हाय, कवातरी वाटंनं जाताना पॅड घालून गेला, आन् टाकीवर बारकी पोरगी बसीवतो. वरीस झालं. त्येची पीन बघायची ऱ्हायलीय म्हनं.”

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला.

त्या संध्याकाळी धाकट्याला सगळं सांगितलं. तो आता काठीशिवाय चालतो, पण पाय किंचित आखूड राहिला आहे. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

“मिस्त्रीला सांगितलंस?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग हितं काय करतुयास?”

त्यानंतर तो माझ्याशी दोन महिने बोलला नाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने वडूजला गेलो आणि तिथून वडापच्या जीपने त्यांच्या गावाला. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो. चूक झाली. माफ करा. पाया पडतो. कुणीतरी घर दाखवलं तेव्हा त्यातलं एकही वाक्य शिल्लक नव्हतं. कुंपणाची काठी धरून उभा राहिलो.

मिस्त्री लिंबाखाली घोंगड्यावर बसले होते. डोळे खोल गेलेले. मला बघून घाईने उठायला लागले.

“गुरुजी? आई बरी हाय न्हवं?”

“बरी आहे. मिस्त्री, पॅड पडली नव्हती.”

ते अर्धवट उठलेले तसेच थांबले.

“मी तेल लावलं होतं. चकतीला. खंडेनवमीला. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी लावलं. पॅड मी काढली आणि पाटात टाकली.”

मी जमिनीकडे बघत होतो. शिवी येईल, दगड येईल, म्हणून खांदे आखडून उभा होतो. मग त्यांनी विचारलं, “कंचं त्याल?”

“खोबरेल.”

“थेंबभर?”

“फडकं भिजवून. दोन्ही बाजूंनी.”

“हं.” ते घोंगड्यावर बसले. “आन् पीन? पीन कशी हुती?”

“घट्ट होती.”

“तुमाला काय कळतंय त्यातलं?”

हे ते टोचून बोलले नाहीत. खरोखर विचारत होते. म्हणून मला जास्त लागलं.

“मीच काढली ना ती. सुटत नव्हती. दोन्ही हातांनी पान्यावर जोर लावला, तेव्हा हलली.”

“परत सांगा.”

मी परत सांगितलं.

“किती जोर? कसा? दावा.”

मी त्यांच्यापुढे उकिडवा बसलो आणि हवेत पाना धरल्यासारखं धरून, दात आवळून, दोन्ही हातांनी ओढून दाखवलं. ते माझ्या मनगटांकडे बघत होते.

“म्हंजे आवळली हुती म्या.”

“हो.”

“म्हंजे त्या दूधवाल्याची बी आवळली असंल.”

“असणारच.”

“टाकीवर पोरगी बसती त्येच्या,” ते म्हणाले. “दोन वेण्या घातलेली. माज्याकडं बघून हासली हुती.” आणि त्यांनी छातीवरचा हात खाली घेतला. मला वाटलं, आता बोलतील. माझ्याविषयी काहीतरी. ते घोंगड्यावर आडवे झाले, हात डोक्याखाली घेतला, आणि मी काही म्हणायच्या आत त्यांना झोप लागली. भर दुपारी, माझ्यादेखत, तोंड उघडं टाकून.

मी तिथेच बसलो. उठून जावं तर पळाल्यासारखं होणार, आणि थांबावं तर जागे झाल्यावर काय म्हणतील याची भीती. ऊन सरकलं. लिंबाची सावली त्यांच्या तोंडावरून गेली तेव्हा मी सरकून त्यांच्या आणि उन्हाच्या मध्ये बसलो.

काही वेळाने त्यांची बायको डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन आली. नवऱ्याकडे बघून जागच्या जागी थबकली. मोळी आवाज न करता खाली ठेवली, जवळ येऊन त्यांच्या नाकापुढे हात धरून बघितलं, आणि मग मटकन माझ्यासमोर बसली.

“वरीस झालं ओ,” ती कुजबुजली. “डोळा लागला की दचकून उठत्यात. पोरगी, पोरगी करत्यात. कोन वैद्य राहिला न्हाई, कोन देव राहिला न्हाई.” पदराने तिने तोंड पुसलं. “तुमी कोन? काय सांगिटलंसा त्येस्नी? मला बी सांगा.”

मिस्त्रींना सांगताना मी खाली बघत होतो. या वेळी मान वर केली, आणि त्यांची झोप मोडणार नाही अशा आवाजात, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.